मीटर-लिटर डोक्यात नाही, हातात कसं बसवायचं?

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. 'किलोमीटर म्हणजे १००० मीटर' घडाघडा म्हणते. काल विचारलं, दार किती उंच? म्हणे, "२ किलोमीटर!" सुरुवात कुठून करू?

उत्तर १: पाठांतर तूर्त गुंडाळून ठेवा. तिच्या करंगळीची रुंदी मोजा, साधारण १ सेंटीमीटर भरेल. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर जमिनीपासून १ मीटरवर पेन्सिलीची रेघ आहे. लेक येता-जाता तिला नाक लावून बघायचा. आधी अंदाज, मग टेप. हा क्रम मोडू नका. अंदाज चुकला की हसायचं मात्र नाही हं.

उत्तर २: पाणी विसरू नका! १० सेंमी लांब, तेवढाच रुंद आणि उंच पुठ्ठ्याचा खोका केला, आत प्लास्टिकची पिशवी. लिटरभर पाणी ओतलं, बरोब्बर काठोकाठ. काट्यावर ठेवलं तर जवळजवळ १ किलो. पोरगं अवाक! (दुसऱ्यांदा पिशवी फाटली. फरशी मीच पुसली.)

प्रश्नकर्ती: रेघ मारली. बाईसाहेब रेघेच्या २१ सेंटीमीटर वर निघाल्या. आता टेप घेऊन मांजराच्या शेपटीमागे आहेत.