१६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाताना घरातली जवळीक कशी टिकवावी?

वरळीची रहिवासी:
आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून वरळीच्या बीडीडी चाळीत (ब्रिटिशकाळात बांधलेल्या सरकारी चाळीत) १६० चौरस फुटांच्या खोलीत राहते. सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी पाच माणसे आहोत. पुनर्विकासात आम्हाला ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे आणि त्याचा आनंद आहेच. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यांच्यापैकी ओळखीच्या एक-दोन घरी गेले तेव्हा प्रत्येक जण आपापल्या खोलीत दार लोटून बसलेला दिसला. इथे भांडण झाले तरी रुसून जायला दुसरी खोलीच नसते, त्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत बोलणे सुरू होतेच. जागा वाढली की हे आपोआप संपते का? ज्यांनी असे स्थलांतर अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

नायगावची सून:
ताई, दाटीला जवळीक समजण्याची गल्लत होऊ नये, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. मजल्यावरच्या वीस खोल्यांनी मिळून वापरायचे संडास, मोरीला पडदा लावून कपडे बदलणे, परीक्षेच्या दिवसांतही दहा वाजता दिवा मालवावा लागणे, यातले बहुतेक सगळे बायकांच्या आणि मुलींच्या वाट्याला आले आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारलेही नाही. वयात येणाऱ्या मुलीला बंद करता येईल असे दार मिळत असेल, तर ते तिला मोकळ्या मनाने मिळू द्यावे. आम्ही पुनर्विकासाची वाट न पाहता बदलापूरला गेलो, तेव्हा दोनच गोष्टी ठरवल्या: टीव्ही फक्त बाहेरच्या खोलीत ठेवायचा आणि सर्वांचे मोबाइलही तिथेच चार्जिंगला लावायचे. मुले कुरकुरली, पण रात्री बाहेर येऊन बसू लागली.

गिरणगावचा जुना रहिवासी:
वरील मत मला मान्य आहे, तरीही दुसरी बाजू मांडतो. वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला असत, म्हणजे आम्ही शाळेतून येईपर्यंत ते झोपलेले आणि आम्ही झोपायच्या सुमारास ते कामाला निघालेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते घरात दिसू लागले. आई गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवीत असे. (सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते अशाच बायकांना सोबत घेऊन.) पगार थांबल्यावर जेवणारे गडी एकेक करून गावी परतले आणि खानावळ बसली, मग आईने चपात्यांच्या ऑर्डरी घेतल्या. कणीक मळायला वडील बसत, चपात्या मोजून कागदात बांधायचे काम आम्हा भावंडांकडे असे. वाण्याची उधारी किती झाली आहे, हे आई सर्वांसमोर वाचून दाखवी, त्यामुळे नवी चप्पल का मिळणार नाही हे आम्हाला वेगळे समजावावे लागले नाही. माझ्या मते आम्हाला बांधून ठेवले ते या हिशेबाने आणि वाटून घेतलेल्या कामाने. खोलीच्या आकाराचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. आमच्याच मजल्यावर, तेवढ्याच आकाराच्या खोलीत, एक घर दारूपायी मोडलेही. तेव्हा नव्या घराचा देखभालखर्च, विजेचे बिल, लिफ्टचे पैसे हे सगळे मुलांसमोर मांडा आणि घरातले एखादे खरे काम त्यांच्याकडे सोपवा.

लोअर परळ:
सासूबाईंकडे विशेष लक्ष द्यावे. बीडीडी चाळीत मधल्या व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या असतात आणि दारे दिवसभर उघडी असतात, त्यामुळे म्हातारे माणूस दारात बसले तरी दहा जणांशी बोलते. टॉवरमध्ये ती सोय संपते. जुन्या मजल्यावरच्या कोणकोणत्या बायका तुमच्याच इमारतीत येणार आहेत, याची आताच चौकशी करून ठेवा. सासूबाईंचा पलंग बाहेरच्या खोलीत ठेवलात, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणे होईल.

वरळीची रहिवासी:
सर्वांचे आभार. हिशेब मुलांसमोर मांडण्याची सूचना आम्ही या महिन्यापासूनच अमलात आणणार आहोत. पलंगाची कल्पना मात्र सासूबाईंनी ऐकताक्षणी नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, लग्न होऊन आल्यापासून त्या सर्वांच्या मध्ये झोपत आल्या आहेत. आता त्यांना आतली खोली हवी आहे, कडीसकट. नात सोबत चालेल, बाकी कोणी नको.