३४ टक्केवालं पॅनल येतंय म्हणून थांबायचं?

कृष्णाकाठ:
सोलरच्या ग्रुपांवर कालपासून एक पोस्ट फिरतेय. "३४ टक्क्यांचं टँडम पॅनल आलंय, आता सिलिकॉन बसवणाऱ्याचे पैसे पाण्यात, दोन वर्षं थांबा." टँडम म्हणजे नेहमीच्या सिलिकॉनवर दुसऱ्या पदार्थाचा थर चढवलेलं पॅनल, आणि टक्के म्हणजे उन्हातल्या ऊर्जेची किती वीज होते ते. सांगली-साताऱ्यातली निम्मी जनता लगेच थांबायच्या तयारीत.

जरा आकडे बघा. ३४.६ टक्के हा लाँगी कंपनीचा २०२४ चा विक्रम, पुढं २०२५ ला ३४.८५ झाला. दोन्ही अख्खी पॅनल नाहीत, सुटे सेल, साधारण एक चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे नखाएवढे. त्याच २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीनं गिऱ्हाइकाला जे पहिले टँडम पॅनल पाठवले ते २४.५ टक्क्यांचे. मिरजेत आज मिळणारं टॉपकॉन, म्हणजे सिलिकॉनचंच सुधारलेलं पॅनल, साडेबावीसचं आहे. फरक दोन टक्क्यांचा.

आणि कार्यक्षमता वाढली की युनिट वाढतात हे कुणी सांगितलं? ३ किलोवॅट म्हणजे ३ किलोवॅट, रोजचे १२ युनिट धरा. साडेबावीसच्या पॅनलला त्यासाठी १४३ चौरस फूट लागतील, उद्या २८ चं पॅनल आलं तरी त्याला ११५. वाचले २८ फूट. एवढ्यासाठी दोन वर्षं वीजबिल भरत बसायचं?

कुपवाड_शेड:
घराच्या गच्चीचं गणित कारखान्याला लावू नका. एमआयडीसीतल्या जुन्या पत्र्याच्या शेडवर जागा ठरलेली आणि ट्रस किती वजन पेलणार तेही ठरलेलं. तिथं प्रत्येक चौरस फुटाला किंमत आहे. शिवाय पॅनल कमी लागले की स्ट्रक्चर, केबल, क्लॅम्प, मजुरी सगळंच कमी. तुमच्या हिशेबात हे कुठंच दिसलं नाही.

कृष्णाकाठ:
बरं, शेडवाल्यांनी थांबावं. जतच्या माळावर जागेची कोणती टंचाई आहे?

कराडचा_मास्तर:
पोस्ट भडक आहे, पण तिची टिंगल करताना मूळ शोध उडवून लावू नका. एकट्या सिलिकॉनची मर्यादा २९.४ टक्के. प्रयोगशाळेतला सेल २७ च्या वर गेलाय, म्हणजे वर फारशी जागा उरली नाही. पुढं जायचं तर थरावर थर हाच रस्ता. वर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा थर, त्याचा बँडगॅप, म्हणजे उजेड पकडायला लागणारी किमान ऊर्जा, १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्ट; तो निळ्यापासून लालपर्यंतचा दिसणारा उजेड खातो, खाली १.१२ चं सिलिकॉन त्यापुढचा अवरक्त. एकट्या सिलिकॉनमधून चौरस सेंटिमीटरला ४० मिलिअँपिअर मिळतात, टँडममध्ये दोन्ही थरांना वीस-वीस. पण व्होल्टेज दोन व्होल्टच्या आसपास जातं. फायदा त्या व्होल्टेजमध्ये आहे.

अडतं कुठं, तेही सांगतो. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर काही मायक्रॉन उंचीचे पिरॅमिड असतात आणि वरचा थर अर्धा ते एक मायक्रॉनचा. द्रावण ओतून थर दिला तर ते दऱ्यांत साठतं, शिखरं उघडी पडतात आणि सेल तिथंच शॉर्ट होतो. म्हणून पिरॅमिड एक मायक्रॉनच्या आत आणतात, नाहीतर आधी लेड आयोडाइड वाफेनं बसवून त्यावर सेंद्रिय क्षाराचं द्रावण देतात. त्यावर सी-६० या कार्बनचा थर. वरचा पारदर्शक ऑक्साइड स्पटर करताना, म्हणजे कणांचा मारा करून बसवताना, खालचे थर खराब होऊ नयेत म्हणून मध्ये वीसेक नॅनोमीटर टिन ऑक्साइड. यातला एक थर जरी बिघडला तरी सेल गेला.

तासगाव_बाग:
लेड आयोडाइड म्हणालात ना? म्हणजे शिसं. बागेवर पॅनल लावायची टूम निघालीय, आणि गारपीट आपल्याला नवी नाही. काच फुटून शिसं मातीत उतरलं तर युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या तपासणीचं काय? का ते पण थरात धरलंय?

कराडचा_मास्तर:
चौरस मीटरला शिसं अर्धा ते एक ग्रॅम. तुमच्या आजच्या सिलिकॉन पॅनलच्या पट्ट्यांवर जे डाग दिलेत त्या कथलातही बहुतेकदा शिसं असतंच.

तासगाव_बाग:
कथलातलं पाण्यात सहजी विरघळत नाही, हे विरघळतं. मास्तर, अर्धंच का सांगता?

कराडचा_मास्तर:
विरघळतं, मान्य. म्हणून दोन काचांमध्ये ठेवून कडेला ब्यूटाइल रबर लावतात. ते पाण्यापासून पेरोव्स्काइट वाचवायलाही लागतंच.

वाळवा_फिटर:
तुमचे नॅनोमीटर चालू द्या. इकडं गाळप हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची राख पॅनलवर पडते त्याचं काय ते बोला. नोव्हेंबर ते मार्च पाऊस नाही. रात्रीच्या दवानं राख ओली होते, घसरत खालच्या फ्रेमला जाते आणि दोन बोटं रुंद पट्टा जमतो. पॅनल उभं लावलेलं असेल तर तो पट्टा खालच्या ओळीतल्या सगळ्या सेलांवर येतो, म्हणजे हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलांच्या पॅनलमध्ये तिन्ही स्ट्रिंगांचा, म्हणजे सेलांच्या साखळ्यांचा, खालचा अर्धा भाग मेला. आडवं लावलं तर एकच स्ट्रिंग बसते, डायोड तिला बाजूला काढतो, नुकसान एक तृतीयांश. तरी गावोगाव सगळे उभंच लावतात, कारण रेल कमी लागते.

कृष्णाकाठ:
धागा टँडमवर आहे हो.

वाळवा_फिटर:
साडेबावीसचं पॅनल राखेखाली अठराचं होतं, त्यावर कुणी बोलायचं नाही. ३४ वर चर्चासत्रं.

कुपवाड_शेड:
धुवायला काय होतं? दहा मिनिटांचं काम.

वाळवा_फिटर:
धुतात ना! दुपारी एक वाजता, तापलेल्या काचेवर, बोअरच्या क्षारपड पाण्यानं. पाणी वाळतं, पांढरे डाग राहतात. मग ते भांड्याच्या काथ्यानं घासतात आणि काचेवरचा परावर्तनरोधक लेप जातो. उजाडायच्या आत धुवा, काच गार असते. पाणी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं, ब्रश मऊ, साबण नको. बागेजवळ असाल तर बोर्डो फवारणीचे (मोरचूद आणि चुना) निळे थेंब त्याच दिवशी पुसा. त्यातला चुना हवेनं कार्बोनेट झाला की नुसत्या पाण्यानं निघत नाही.

कराडचा_मास्तर:
राख हा देखभालीचा प्रश्न आहे, पदार्थविज्ञानाचा नाही. फिटरांनी दोन्हींची खिचडी करू नये.

वाळवा_फिटर:
मग पदार्थविज्ञानातलंच विचारतो. धूळ आणि काजळी निळा उजेड जास्त अडवतात, लाल कमी. टँडमचा वरचा थर निळ्यावर जास्त विसंबून आणि दोन्ही थर एकाच ओळीत जोडलेले. वरचा वीसवरून सोळावर आला तर खालच्याला वीस मिळून काय उपयोग? अख्ख्या सेलमधून जेमतेम सोळाच निघणार. तीच राख साध्या सिलिकॉनला कमी नडते. सांगा, खिचडी कुणाची झाली?

कराडचा_मास्तर:
…मुद्दा बरोबर आहे. वरच्या थराची जाडी किंवा बँडगॅप बदलून त्याला थोडा जास्तीचा प्रवाह देता येतो, मग धूळ बसल्यावर दोन्ही जुळतात. पण तसं केलं तर स्वच्छ काचेवरचा आकडा घटतो, आणि विक्रम स्वच्छ काचेवरच मोजतात. दुसरा उपाय चार टोकांचा टँडम, दोन्ही थरांच्या वायरी वेगळ्या. त्याला वायरिंग आणि इन्व्हर्टरचा खर्च वाढतो.

कृष्णाकाठ:
म्हणजे माझंच खरं. थांबू नका.

कुपवाड_शेड:
तुमचं खरं नाही, फिटरचं खरं. तुम्ही फक्त फूट मोजलेत.

तासगाव_बाग:
आणि अनुदान? पीएम सूर्यघर योजनेचे ३ किलोवॅटचे ७८ हजार हवे असतील तर पॅनलमधले सेल देशी लागतात. परदेशी टँडम आणलंत तर ते सोडा. दोन वर्षांनी योजना असेल का, हे पोस्ट टाकणाऱ्याला कुठं विचारायचं?

कराडचा_मास्तर:
देशी टँडम होईलही. पण ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास ही चाचणी पास झाली म्हणजे २५ वर्षांची हमी मिळाली असं नसतं. उष्णता, आर्द्रता आणि ऊन एकत्र आलं की पेरोव्स्काइट कसा वागतो ते मोकळ्या माळावरच कळणार. एवढ्यापुरतं थांबू नका म्हणायला माझी हरकत नाही.

कुपवाड_शेड:
फिटर, आडवं लावायचं तर क्लॅम्प कुठं? आखूड बाजूला मारले तर वाऱ्यात टिकतील का?

वाळवा_फिटर:
आखूड बाजूला नको, तिथं कंपनी वाऱ्याचा भार कमी धरते. क्लॅम्प लांब बाजूलाच, दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबी आत. त्यासाठी रेल उताराच्या दिशेनं उभी टाकावी लागते, म्हणून ॲल्युमिनियम जास्त जातं. पॅनलच्या माहितीपत्रकात क्लॅम्पच्या जागेचं चित्र असतं, ते बघून मारा, नाहीतर वॉरंटी नाकारतात. आणि खालची फ्रेम काचेच्या वर किती येते ते बघा. जितकी वर, तितकी राख अडते.