स्मॉल टाऊनला मराठीत काय? खेडं, गाव की कसबा?

कोयनाकाठ: अमेरिकेतल्या ग्रामीण भागावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय, त्यात पानोपानी स्मॉल टाऊन येतंय. वस्ती कुठं बाराशे, कुठं चार हजार. मी 'खेडं' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी कापलं, म्हणाल्या तिथं बँक, कोर्ट, हायस्कूल सगळं आहे, खेडं कसं म्हणता? 'शहर' लिहावं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं सांगली-मिरज येणार. काय लिहू?

माणदेशी: तालुक्याचं गाव. वडूज, दहिवडीला आमच्याकडं कुणी खेडं म्हणत नाही आणि शहर बी म्हणत नाही. कचेरी, कोर्ट, एसटी स्टँड, आठवड्याचा बाजार असला की झालं, डोकी कोण मोजतंय.

गावभाग: पण खटाव तालुक्याची कचेरी वडूजला, खानापूर तालुक्याची विट्याला. मग नाव दिलेलं खटाव स्वतः कोण? आणि अमेरिकेत तालुका आणायचा कुठून?

आकडेमोड: डोकी मोजल्याशिवाय भागत नाही हो. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका वगैरे नसलेल्या गावालाही 'जनगणना नगर' धरायचं तर वस्ती निदान ५०००, चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांतले निदान ७५ टक्के शेतीबाहेरचे, असा नियम होता. फक्त पुरुष! बाया दिवसभर रानात राबल्या तरी हिशेबात नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. आणि अमेरिकेचं म्हणाल तर नेब्रास्कातल्या मोनोवाय या गावाची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत १ होती, तरी कायद्यानं ते रीतसर व्हिलेज.

शुद्धलेखन: 'लघुनगर' करा. नगर आपला शब्द आहे, अर्थ लगेच कळतो.

माणदेशी: कळतो पण बोलतो कोण? 'जरा लघुनगरात जाऊन येतो' असं म्हणणारा माणूस दाखवा.

शुद्धलेखन: नगरपालिका तरी कुठं आधीपासून बोलत होते लोक? वापरलं की रुळतं. सुरुवातच करायची नाही म्हटल्यावर भाषेत नवं काही येणारच नाही.

जुनादप्तरी: एवढं लांब कशाला जाताय, 'कसबा' आहे की. परगण्याचं मुख्य ठिकाण, बाजारपेठ, अंमलदार तिथं तो कसबा, बाकीची मौजे. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन्ही गावं आजही आहेत. आणि कसबा हा कसबी लोकांवरून आला, सोनार-तांबट-साळी असे कसब असलेले लोक जिथं राहायचे तो कसबा.

गावभाग: शब्द चांगला सुचवलात पण व्युत्पत्ती चुकली. दोन्ही अरबी आहेत हे खरं, पण कसब म्हणजे कमाई, त्यातला क वेगळा आणि स वेगळा. कसबामधला क घशातून येणारा. मराठीत दोन्ही एकसारखे झाले म्हणून नातं वाटतं.

जुनादप्तरी: अरबीत काय असेल ते असो, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या असंच सांगत आलेत आणि कारागीर कसब्यातच असायचे हे खोटं नाही ना?

शुद्धलेखन: म्हणजे लघुनगर नको, अरबी कसबा चालेल. छान.

गावभाग: चालेल नाही, चालतोय, तीन-चारशे वर्षं. माझं म्हणाल तर सरळ 'गाव' लिहा. सांगलीची महापालिका होऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली तरी जुन्या वस्तीला गावभागच म्हणतात. गाव शब्दात बाराशेही मावतात आणि पाच लाखही.

कोयनाकाठ: पण लेखात त्याच वाक्यात व्हिलेज पण आहे, दोन्हीला गाव कसं लिहू?

माणदेशी: व्हिलेजला वाडी करा की.

आकडेमोड: वाडी कशी? वाडी म्हणजे मूळ गावापासून फुटलेली वस्ती. आणि किर्लोस्करवाडीत तर कारखाना आहे.

जुनादप्तरी: वाडीचं निघालंच आहे तर ऐतवडे बुद्रुक आणि ऐतवडे खुर्द बघा. खुर्द हा आपला क्षुद्रच आहे, फारसी नव्हे, यावर कोण काय म्हणतं?

गावभाग: फारसीच. बुजुर्गचं बुद्रुक झालं, त्याच्या जोडीचा आहे तो.