प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात महिनाभराचे वाचन-उपक्रम कसे बसवावेत?

पानकिडा: पहिली ते चौथी, प्रत्येक वर्गाला आठवड्यातून ४० मिनिटांची एकच तासिका. पट ३५. रंगकाम आणि मुखवटे घेतले की हातात पुस्तक कमी, डिंकच जास्त येतो. चार तासिकांत काय घ्यावं? जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवावं का?

कपाट_४: तासिकेला एकच उपक्रम. १० मिनिटं प्रकटवाचन, २० उपक्रम, १० देवघेव. देवघेवीचा वेळ कापू नका, नाहीतर रांग तशीच आणि पुढचा वर्ग दारात! परतीची पुस्तकं आत येतानाच टोपलीत टाकायला लावा.

पहिल्या आठवड्यात टेबलफेरी घ्या. ७ टेबलं, प्रत्येकी ५ मुलं. एका टेबलावर एकाच प्रकारची पुस्तकं: प्राणी, लोककथा, कविता, विज्ञान, कोडी वगैरे. पुस्तकं ५ नव्हे, ८ ठेवा; मोजून ठेवली तर शेवटच्याला निवडायला काही उरत नाही. ३ मिनिटं चाळणं, १ मिनिट जागा बदलणं, अशा ५ फेऱ्या. सातही टेबलं करायचा हट्ट धरलात तर देवघेव बुडते. आवडलेलं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. पहिलीला नुसतं चित्र चालेल.

दुसऱ्या आठवड्यात जोडीवाचन, चौथीचं मूल पहिलीच्या मुलाला वाचून दाखवतं. त्यासाठी दोन्ही वर्गांची तासिका एकत्र लागते, वेळापत्रक आधीच बदलून घ्या. चौथीच्या मुलांना पुस्तक आदल्या आठवड्यात सरावाला द्यावं.

शाईदौत: बक्षीस नको. संख्या मोजली की सगळ्यात पातळ पुस्तकं आधी संपतात आणि पालकांच्या सह्या भराभर होतात. मोजायचंच असेल तर १५ मिनिटं वाचन = कागदी साखळीची एक कडी, आणि साखळी अख्ख्या वर्गाची. पहिलीत ऐकलेलंही वाचनात धरा.

खूणपट्टी: तिसऱ्या आठवड्यात कपाटशोध. ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देऊन, मांडणी असेल तर ‘३९८ मधली लोककथा आण’ अशा चिठ्ठ्या करा. गोंधळ शोधताना होत नाही, परत ठेवताना होतो. म्हणून प्रत्येकाला पुठ्ठ्याची, पुस्तकापेक्षा उंच पट्टी द्या. पुस्तक काढलं की त्या फटीत पट्टी उभी करायची. एका कपाटापाशी एका वेळी ४ मुलं, बाकीची बसून वाचतील.

पाच बोटांचा नियमही तेव्हाच शिकवा: एका पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच झाली तर पुस्तक सध्या कठीण. मात्र हा नियम भरगच्च मजकुराच्या पानाचा. दोन ओळींच्या चित्रपुस्तकात पाच शब्द अडले म्हणजे बरंच अडलं. तिथे दोनच बोटं धरा. पहिली-दुसरीत मूल अर्थापाशी अडतंय की जोडाक्षरापाशी, तेही बघा. जोडाक्षरापाशी अडत असेल तर तेच पुस्तक मोठ्यांबरोबर वाचायला द्यावं, काढून घेऊ नये.

पानकिडा: चौथ्या आठवड्यात पुस्तक-दुरुस्ती कशी वाटते?

कपाट_४: फक्त चौथीला. साधी चिकटपट्टी नको, ती पिवळी पडते आणि डिंक कडेने झिरपून पानं चिकटतात. सुटलेल्या पानाच्या कडेला पांढरा गोंद ब्रशने पातळ लावा, दोन्ही बाजूंना मेणकागद घाला, रात्रभर वजनाखाली ठेवा. बाकीच्या वर्गांना टेबलफेरीच्या चिठ्ठ्या परत द्या. नाव लिहिलेलं पुस्तक अजून नेलं नसेल तर तेच आता काढून द्यायचं.