मदत हवी आहे: मुलगा दिवसभर धावतो, खात काहीच नाही

वेंगुर्लेकरीण
मुलगा अजिबात जेवत नाही. सकाळी अर्धी आंबोळी, दुपारी चार घास भात, रात्री तोंड फिरवतो. बाकी दिवसभर पडवीत नुसता धुडगूस. मोबाइलवरचं ॲप म्हणतं 1350 कॅलरी हव्यात, माझ्या मोजणीत 450 भरतात. एवढं धावतो तर जास्तच लागतील ना? किती द्यायच्या आणि कशातून? लवकर सांगा. 'काळजी करू नका' वगैरे नको, ते घरात रोज ऐकते.

कातळसडा
वय?

मिठागर
वजन?

वेंगुर्लेकरीण
यंदा अंगणवाडीत घातलाय. वजन बरं आहे, पण हडकुळा दिसतो.

मिठागर
ताई, 'बरं' म्हणजे किती किलो? 1350 च्या आसपासचा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 4 ते 6 वर्षांसाठी आहे, तोही 18 किलोचं मूल धरून. 1 ते 3 ला हजारच्या जरा वर. आणि त्यात रोजचं खेळणं धरलेलंच असतं, धावतो म्हणून वेगळी भर नको.

वेंगुर्लेकरीण
गणपतीत चार पूर्ण होतील. 14 किलो.

गजालीबाय
अगो बाय माझ्ये, झील खेळता मां? मगे कित्याक घाबरतंस? आमी पाच भावंडा पेजेर वाढलंव. सकाळची नाचण्याची आंबील दी.

डोंगरवाट
अशा सल्ल्यांनीच कुपोषण झाकलं जातं. पेजेत चमचाभर तूप घाला, 45 कॅलरी. वर ओलं खोबरं. एवढ्याशा पोटात हेच मावतं.

गजालीबाय
पेज कोणाक बाधूक नाय हां.

मिठागर
चार वर्षांच्या मुलाचं सरासरी वजन 16 च्या थोडं वर असतं, काळजीची रेघ 13 च्या खाली. 14 म्हणजे बारीक आहे, कुपोषित नाही. दूध किती पितो?

वेंगुर्लेकरीण
दुधाचा काय संबंध? मी खाण्याचं विचारतेय. तीन वेळा मोठा पेला, पावडर घालून. म्हस घरचीच आहे. मधे बिस्किटं असतात, ती कोण मोजत बसतं.

मिठागर
म्हशीच्या 200 मिलीतच 200 कॅलरी. तीन पेल्यांच्या 600, साखर-पावडर वेगळी. अंगणवाडीच्या आहारात 500 धरलेल्या असतात, त्यातली निम्मी खिचडी खाल्ली तरी झालं की! पोट भरलेलं असतं म्हणून तोंड फिरवतो. दूध दिवसाला 400-500 मिली पुरे, तेही जेवणानंतर. जास्त दुधाने लोह कमी पडतं. फिकट दिसत असेल किंवा माती खात असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

चढणीचा_मासा
मासे देता का?

वेंगुर्लेकरीण
बांगडा असला की भात जातो त्याचा. पण सध्या पावसाळी मासेमारीला बंदी, ताजं कुठलं मिळायला.

चढणीचा_मासा
बंदी 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना. खाडीचं मिळतं की. नाहीतर चढणीचे, पावसात नदीत वर चढतात ते.

डोंगरवाट
पोटातल्या अंड्यांसकट, गाबोळीसकट मारता आणि मग नदीत मासा उरला नाही म्हणून रडता.

चढणीचा_मासा
तुमच्या मुंबईच्या फ्रीजमधला पापलेट काय अंडी घालून आलेला असतो?

कातळसडा
विषय मूल आहे हो, मासे नाही. ताई, 'दिवसभर' म्हणजे नक्की किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 3-4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली 60 तरी चांगली धाप लागेल अशी. स्क्रीन तासाच्या आत, झोप 10 ते 13 तास.

वेंगुर्लेकरीण
पाऊस थांबतोय कुठे? दुपारी मोबाइल लावल्याशिवाय घास जात नाही, मग तो तिथेच लोळतो. संध्याकाळी परत दंगा.

कातळसडा
रेनकोट घालून खळ्यात सोडा, पागोळ्यांखाली नाचू दे. भूक आपोआप लागेल.

डोंगरवाट
पायाला जखम असेल तर चिखलात नको, लेप्टोचे, उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचे दिवस आहेत.

सुरुबन
अंथरूण ओलं करत असेल तर संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. आमच्याकडे लगेच फरक पडला.

वेंगुर्लेकरीण
दादा, हे मी विचारलेलंच नाही.
रात्रीचा पेला काढला तर हा झोपणार कसा, तेवढं सांगा कोणीतरी.

मिठागर
एकदम काढू नका. पेला लहान करा आणि जेवणानंतर द्या, पावडर बंद. घासाला मोबाइलही नको. नाही जेवला तर ताट उचला, मागून बिस्किट देऊ नका.

वेंगुर्लेकरीण
बिस्किटं सासूबाई देतात.

गजालीबाय
मगे सासूक हय घेवन ये.