संत्र्यावरील ग्रीनिंग आणि सिट्रस सायला: नॅनो झिंक फवारावे की केओलिन?

प्रश्न (काटोल): आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) नवती, म्हणजे कोवळी फूट, फुटते आहे, शेंड्यांवर सायलाचे (ग्रीनिंग पसरवणारी रसशोषक छोटी कीड) प्रौढ दिसतात. काही झाडांची पाने ठिपकेदार पिवळी आहेत. दुकानदार म्हणतो, नॅनो झिंकने (जस्ताच्या अतिसूक्ष्म कणांनी) ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग बरा होतो. खरे आहे का?

उत्तर १: बरा होत नाही, भाऊ. ग्रीनिंगचा जिवाणू अन्नवाहिन्यांत राहतो आणि पानावर फवारलेले झिंक तिथे पुरेसे पोचत नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने झिंकच्या नॅनोकणांवर बरेच काम केले आहे. पण असे कण खैऱ्यावर (कँकर, पाना-फळांवर डाग पाडणारा रोग) चालणे सोपे, कारण तो जिवाणू वरून शिरतो.

आधी पिवळेपणा ओळखा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पेनने गोल काढा. दोन्हीकडे रंग सारखा असेल तर बहुधा झिंकची कमतरता. एकीकडे हिरवा, दुसरीकडे पिवळा असेल तर ग्रीनिंगचा संशय धरून पाने पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या) चाचणीला पाठवा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा.

उत्तर २: सायला अडवायला केओलिन (पांढऱ्या मातीची बारीक पूड) जास्त कामाचे. त्याचा कण साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे काटेकोरपणे नॅनो नव्हेच. पांढऱ्या थरामुळे किडीला नवती नीट ओळखता येत नाही, पानावर पायही टिकत नाहीत. मादी अंडी कोवळ्या फुटीवरच घालते, म्हणून फूट बोटभर होण्याआधी पहिली फवारणी हवी.

१०० लिटरला ३ ते ५ किलो. आधी बादलीत पातळ लगदा करा, गाळून टाकीत ओता, फवारणीभर ढवळणी चालू ठेवा. थांबली की गाळ बसून नोझल तुंबते. नवी पाने थराबाहेर वाढतात, त्यामुळे ७ ते १० दिवसांनी पुन्हा फवारा. पूड मिसळताना मास्क लावाच. मृगाच्या पावसात थर धुऊन जातो, तेव्हा हा खर्च करू नका.

उत्तर ३: एक धोका राहिला. थर सतत ठेवला तर परोपजीवी मित्रकीटकांनाही अडथळा होतो आणि खवले कीड वाढू शकते. म्हणून फक्त नवतीच्या काळात वापरा. सायलाची पिल्ले आधीच दिसत असतील तर केओलिनने ती मरणार नाहीत, शिफारशीचे कीटकनाशक लागेल.

नॅनो झिंक कमतरतेसाठी द्यायचेच असेल तर आम्लधर्मी द्रावणात मिसळू नका, कण विरघळतात. क्षारयुक्त पाण्यात त्यांच्या गुठळ्या होतात. पारदर्शक बाटलीत एक लिटर मिश्रण अर्धा तास ठेवून पाहा, तळाशी साका दिसला तर ते टाकीत घालू नका. संत्र्याच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूला असतात, नोझल तिकडे वळवा. आणि नांगे (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरायला कलमे घेताना डोळे (कलमावर बांधलेल्या कळ्या) तपासलेल्या मातृवृक्षाचे आहेत का, हे रोपवाटिकेला विचारा. रोगट डोळ्यातून ग्रीनिंग थेट बागेत येतो, तिथे कोणताही थर उपयोगाचा नाही.