सालबाईचा तह : महादजींना फितूर म्हणणाऱ्यांसाठी

मेणवलीकर : काल इथं एकानं ठोकून दिलं, 'पहिलं इंग्रज-मराठा युद्ध मिटवणारा सालबाईचा तह घडवताना महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी गुपचूप सूत जमवून म्हैसूरच्या हैदर अलीला वाऱ्यावर सोडलं.' अहो, ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या पॉपहॅमनं ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. पुढच्या वर्षी त्यांच्याच कॅमॅकनं खुद्द महादजींच्या तळावर रात्री छापा घातला. स्वतःच्या घराला आग लागल्यावर दुसऱ्याच्या शपथा कोण सांभाळतो? आणि इंग्रजांविरुद्ध एक झालेल्या चौकडीतले (पेशवे, हैदर, निजाम, नागपूरकर भोसले) बाकीचे काय धुतल्या तांदळाचे? निजामाला इंग्रजांकडून गुंटूर परत मिळालं, तो गप्प. नागपूरकर भोसल्यांची फौज रमतगमत कटकेला गेली आणि इंग्रज गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जचे लाखो रुपये घेऊन थंड बसली. महादजींचा इंग्रज अधिकारी म्यूरशी करार ऑक्टोबर १७८१ चा. या दोघांच्या नंतरचा!

तासगावचा भाऊ : एप्रिल १७८१ ला बोरघाटात इंग्रज सेनापती गॉडर्डला पळता भुई थोडी केली आमच्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी, हरिपंत फडक्यांनी. दक्षिणेत सरशी होत असताना तहाची घाई कुणाला? मुंबईजवळची साष्टी इंग्रजांकडे गेली ती गेलीच.

कृष्णाकाठ : आमचं ऊसदर आंदोलन आठवलं. पहिली उचल (उसाचा पहिला हप्ता) जाहीर होईपर्यंत कोयता लावायचा नाही, मंदिरात भंडारा उचलून ठरलेलं. अकराव्या रात्री शेजारच्या गावानं परस्पर मिटवलं. पहाटे त्यांचे ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर! माझ्या उसाला तुरे आले, वजन घटलं. महादजींची बाजू मला सांगू नका.

मेणवलीकर : इथं ऊस कुठनं आला राव?

आडसाली : मी त्याच शेजारच्या गावचा. विहिरीनं तळ गाठलेला, काय करणार होतो? तुमच्या पुढाऱ्याचा ऊस त्याच आठवड्यात गेला, ते बोला की.

कृष्णाकाठ : खोटं! पुरावा दाखव.

आडसाली : काट्याची पावती आहे घरात.

तासगावचा भाऊ : ऊस बाजूला ठेवा. तह १७ मे १७८२ चा, पण पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी हैदर मरेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, मंजुरी लोंबकळत ठेवली. शब्द पाळणं याला म्हणतात.

मेणवलीकर : कसला शब्द! हैदरच्या धाकावर साष्टी सुटते का बघत होते. हैदर मेला, धाक संपला, मंजुरी दिली. नाना माझ्या गावचे असले तरी हे बोलणारच. बरं, एक मान्य : हैदरनं जिंकलेला मुलूख त्यानं परत द्यावा, हे कलम त्याच्या माघारी घातलं. ते वाईटच. जिंकलात, वाटा पेढे.

तासगावचा भाऊ : कंदी चालतील ना?

कृष्णाकाठ : पेढे ऱ्हाऊ द्यात. आडसाली, पावतीवर तारीख कुठली?